शिकारी रायफलीची गोलाग्र गोळी

मोठ्या वन्य पशूंच्या शिकारीसाठी बनविलेल्या रायफलीतून उडविली जाणारी, बोथट व गोलसर टोकाची लांबट गोळी. हिचा मागील भाग सरळ दंडगोलाकार असून पुढील टोक अर्धगोलासारखे किंवा त्याहून किंचित निमुळते असते. अणकुचीदार टोकाच्या गोळीच्या तुलनेने हिला हवेचा रोध अधिक होतो, त्यामुळे दूरच्या माऱ्यासाठी ती गैरसोयीची ठरते. परंतु दाट जंगलात, थोड्या अंतरावरून, जाड कातडीच्या व भक्कम हाडांच्या प्राण्यावर गोळी झाडताना तिचे गुण उपयोगी पडतात. म्हणून सैन्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही गोळी सोडून दिल्यानंतरही शिकाऱ्यांनी ती सोडली नाही. शिकारी काडतुसाची पितळी पुंगळी, टोपी, दारू व गोळी हे चार घटक होत. त्यांपैकी प्राण्याच्या शरीरापर्यंत पोहोचतो तो केवळ गोळी हा घटक. ती चुकीची निवडली, तर उरलेल्या सर्व साधनांचा उत्तमपणा व्यर्थ जातो [⟶ काडतूस].

ऐतिहासिक आढावा : गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीतून शिशाचा वाटोळा गोळा उडवीत. नळीत पेचदार खाचा पाडण्याची पद्धत रूढ झाल्यावर लांबट गोळी वापरणे शक्य झाले. कारण खाचांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरक मिळते व ती टोक पुढे ठेवून स्थिरपणे जाते. काळ्या दारूच्या काळात गोळ्या शुद्ध शिशाच्या किंवा थोडे कथिल मिसळून कठीण केलेल्या शिशाच्या असत. वेग कमी असल्याने गोळीचे वजन व व्यास वाढविणे हाच तिचे सामर्थ्य वाढविण्याचा मार्ग होता.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये धूरहीन दारूचा शोध लागला व १८८६ मध्ये तेथील लेबेल रायफल सेवेत आली. नव्या दारूने मिळणारा वेग इतका मोठा होता, की उघडे शिसे नळीच्या खाचांत टिकेना. यासाठी शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचे आवरण चढविण्यात आले. आरंभी हे आवरण तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे असे. पुढे तांबे व जस्त यांचा मिश्रधातूही वापरात आला. ब्रिटिश सैन्याने ०·३०३ इंच मापाच्या रायफलीसाठी स्वीकारलेली २१५ ग्रेन (सु. १३·९ ग्रॅ.) वजनाची गोळी अशीच आवरणयुक्त व गोल टोकाची होती.

तथापि पूर्ण आवरणाची ही सडपातळ गोळी शरीरातून न फुगता आरपार जाई. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत तिच्या परिणामाविषयी तक्रारी झाल्या. तेव्हा कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी टोकावरील आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार केली. ती लागताच फुगत असल्याने जखम मोठी होई. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने शरीरात सहज फुगणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. ग्रेट ब्रिटनने हा जाहीरनामा पुढे १९०७ मध्ये मान्य केला. हा निर्बंध युद्धापुरता होता. शिकारीत मात्र उघड्या शिशाच्या टोकाची गोळी रूढ झाली, कारण माणसाच्या बाबतीत जे क्रौर्य ठरले तेच पशूच्या बाबतीत त्याचे हाल लवकर संपविणारे ठरते, असा विचार त्यामागे होता.

दरम्यान फ्रान्सने १८९८ मध्ये व जर्मनीने १९०३–०५ च्या सुमारास अणकुचीदार गोळी स्वीकारली. ब्रिटिशांनीही १९१० मध्ये ०·३०३ इंची काडतुसासाठी १७४ ग्रेन (सु. ११·३ ग्रॅ.) वजनाची टोकदार गोळी घेतली. तिचा नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला सु. ७४४ मी. होता, आधीच्या २१५ ग्रेनच्या गोळीचा तो सु. ६२८ मी. होता. मैदानी युद्धातील शेकडो मीटरांच्या माऱ्यासाठी हा बदल आवश्यक होता. पन्नास पावलांवर बांबूच्या बेटातून बाहेर येणाऱ्या गव्यासाठी मात्र तो अनावश्यक, किंबहुना अपायकारक होता.

गोल टोकाचे गुणदोष : हवेतून जाताना गोळीवरील रोधाचा परिणामी बिंदू तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे असतो; त्यामुळे गोळी उलटू पाहते व नळीने दिलेली फिरक तिला सावरते. टोकदार गोळीचे वस्तुमान मागे एकवटलेले असल्याने ही प्रवृत्ती तिच्यात अधिक असते. मांसाची घनता हवेच्या कित्येक शेकडे पट असते. त्यात शिरल्यावर फिरकीचे सावरणे अपुरे पडते आणि टोकदार गोळी आडवी होते, कोलांटते व मार्ग बदलते. १९१० च्या ब्रिटिश टोकदार गोळीत टोकाशी शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरलेला असे, त्यामुळे तिच्यात हा गुणधर्म विशेष होता. गोलाग्र गोळी त्यामानाने सरळ जाते. हत्तीच्या कवटीतील पोकळ्यांनी भरलेल्या जाड हाडातून मेंदूपर्यंत किंवा गव्याच्या खांद्यातून हृदयापर्यंत पोहोचायचे असल्यास हा सरळपणा निर्णायक ठरतो.

दुसरा गुण लांबीचा. समान वजनाची व समान व्यासाची गोळी घेतल्यास गोलाग्र गोळी टोकदार गोळीपेक्षा आखूड असते. म्हणून काडतुसाची एकूण लांबी मर्यादेत ठेवून जड गोळी वापरता येते आणि तिचा बराच मोठा भाग नळीच्या खाचांना घट्ट धरून जातो. तिसरा गुण हाताळणीचा. काडतुसे नळीच्या आकाराच्या कोठीत एकामागे एक ठेवलेली असतात अशा रायफलीत टोकदार गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकते व धक्क्याने स्फोट होण्याचा धोका असतो. बोथट टोकाने तो टळतो. पेटीसारख्या कोठीतही मऊ शिशाचे अणकुचीदार टोक प्रत्येक धक्क्याबरोबर चेपत जाते. बोथट टोकास त्याची फारशी बाधा होत नाही.

दोष एकच, पण मोठा : वेग लवकर घटतो. शंभर मीटरपर्यंत तो जाणवत नाही. सेकंदाला सु. ७६० मी. वेगाने निघालेली जड गोलाग्र गोळी शंभर मीटर अंतर सु. ०·१४ सेकंदात कापते व तेवढ्या वेळात नळीच्या रेषेपासून सु. १० सेंमी. खाली येते. तेवढ्याच वजनाच्या व वेगाच्या टोकदार गोळीचा फरक एक-दोन सेंमी.पेक्षा अधिक नसतो. तीनशे मीटरवर मात्र हा फरक ठळक होतो. म्हणून हिमालयातील उघड्या उतारांवर भरल-मेंढ्यांच्या शिकारीसाठी टोकदार गोळी आणि सह्याद्री, सातपुडा किंवा तराईच्या जंगलासाठी गोलाग्र गोळी अशी विभागणी शिकाऱ्यांत होती.

गोलाग्र गोळी काटक्या-फांद्या भेदून न वळता जाते, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्ष चाचण्यांत फांदीला लागून न वळणारी गोळी कोणत्याही आकाराची आढळत नाही. जड व संथ गोळी थोडी कमी वळते, इतकेच. झुडुपाआडच्या जनावरावर गोळी झाडण्यास हे समर्थन पुरेसे नाही.

वजन, वेग व भेदनक्षमता : गोळीचा व्यास तोच ठेवून वजन बदलल्यास काय होते, याचे चांगले उदाहरण म्हणजे हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने १९१२ मध्ये आणलेले ०·३७५ इंची मॅग्नम काडतूस. त्यासाठी २३५, २७० व ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्या मिळत. त्यांचे वेग सेकंदाला अनुक्रमे सु. ८५०, ८१० व ७६० मी. होते. या वेगांवरून काढलेली गतिज ऊर्जा तिन्ही गोळ्यांच्या बाबतीत सु. ५,५०० ते ५,७०० जूल, म्हणजे जवळजवळ सारखीच येते. केवळ ऊर्जेचे आकडे पाहून निवड करणाऱ्यास तिन्ही गोळ्या समान वाटतील. परंतु वजनाला व्यासाच्या वर्गाने भागून मिळणारी छेद-घनता पाहिली, तर ती दर चौ. सेंमी.स अनुक्रमे सु. १६·८, १९·३ व २१·४ ग्रॅ. भरते. समान आकाराच्या व न फुगणाऱ्या गोळ्यांत जिची छेद-घनता अधिक ती खोल शिरते. म्हणून २३५ ग्रेनची गोळी हरणांसाठी व ३०० ग्रेनची गव्यासारख्या प्राण्यांसाठी, असा संकेत होता.

याच कारणाने लहान व्यासाची पण लांब व जड गोलाग्र गोळी अनपेक्षित काम करू शकते. ०·२७५ इंची रिग्बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ७ मिमी. मापाच्या रायफलीतील १७३ ग्रेनच्या पूर्ण आवरणाच्या गोळीने डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत अनेक हत्ती मारले. हे यश गोळीच्या सरळ भेदनाचे व शरीररचनेच्या त्याच्या सूक्ष्म ज्ञानाचे होते. तेवढा नेम नसलेल्याने त्याचे अनुकरण केल्यास जखमी हत्ती व मृत शिकारी असा परिणाम संभवतो.

गोळीची रचना व निवड : टोकाचा आकार सारखा असला, तरी रचनेनुसार गोलाग्र गोळीचे दोन मुख्य प्रकार पडतात. (१) पूर्ण आवरणाची गोळी : हिच्या टोकासह सर्व बाजूंनी धातूचे आवरण असते, चांगल्या प्रतीच्या गोळीत ते पोलादाचे असून त्यावर तांबे-निकेलचा पातळ थर असतो. ती फुगत नाही व खोल जाते. हत्ती, गेंडा, रानरेडा यांसारख्या प्राण्यांसाठी ती वापरीत. (२) मृदू टोकाची गोळी : हिच्या टोकाशी शिसे उघडे असते. शरीरात शिरताच टोक भूछत्रासारखे पसरते व व्यास साधारणपणे दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ सव्वादोन ते चारपट वाढते. वाघ, बिबळ्या, अस्वल, सांबर यांसाठी ती योग्य.

वाघाचे कातडे पातळ व शरीर स्नायुमय असते. पूर्ण आवरणाची गोळी त्यातून बारीक भोक पाडून निघून जाते आणि वाघ जखमी अवस्थेत निसटतो. याउलट, पातळ आवरणाची व अतिवेगवान मृदू गोळी गव्याच्या खांद्याच्या हाडावर फुटून विखुरते व वरवरची जखम करते. पूर्ण वाढलेला गवा ८०० ते १,००० किग्रॅ. वजनाचा असतो. दोन्ही चुकांचे पर्यवसान एकच, ते म्हणजे जखमी जनावर. म्हणून चांगल्या मृदू गोळीचे आवरण टोकाशी पातळ व बुडाशी जाड ठेवतात; पुढचा भाग पसरतो व मागचा भाग एकसंध राहून त्यास पुढे रेटतो. अमेरिकेतील जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये विक्रीस आणलेल्या गोळीत दोन गाभ्यांमध्ये आवरणाच्याच धातूची आडभिंत ठेवून हा हेतू साधला होता.

गव्यासाठी दोन नळ्यांच्या रायफलीत एका नळीत मृदू व दुसरीत पूर्ण आवरणाची गोळी ठेवण्याची पद्धत होती : पहिली बाजूने उभ्या असलेल्या जनावरासाठी, दुसरी ते अंगावर येत असताना किंवा पाठमोरे पळत असताना. अशा रायफलीच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागे. तिच्या दोन्ही नळ्या एका विशिष्ट वजनाच्या व वेगाच्या गोळीसाठी किंचित एकमेकींकडे झुकवून जोडलेल्या असतात. वेगळ्या वजनाची गोळी वापरल्यास दोन नळ्यांचे मारे एकमेकांपासून दूर पडतात. म्हणून अशा रायफलीवर कोरलेले गोळीचे वजन व दारूचे प्रमाण हीच तिची खरी मर्यादा समजत. उष्ण हवामानात दारूचा दाब वाढत असल्याने भारतासारख्या देशांसाठी ब्रिटिश कारखाने दारूचे प्रमाण कमी केलेली वेगळी काडतुसे बनवीत.

भारतातील मापे व खडकीचा कारखाना : भारतात गोळीची निवड कायद्यानेही मर्यादित केली होती. सैनिकी मापाची म्हणून ०·३०३ इंची रायफल सामान्य परवानाधारकास मिळत नसे. १९०७ च्या सुमारास ०·४५० इंच मापावरही बंदी आली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा दारूगोळा बंडखोरांच्या उपयोगी पडेल, हे तिचे कारण होते. परिणामी इंग्रज बंदूककारांनी ०·४६५, ०·४७० व ०·४७५ इंची अशी नवी मापे काढली. मोठ्या शिकारीच्या रायफलींच्या मापांची जी गुंतागुंतीची यादी आज आढळते, तिच्यामागे शिकारीच्या गरजेपेक्षा हा निर्बंध अधिक आहे. नागरी उपयोगासाठी भारतात ०·३१५ इंची रायफल रूढ झाली. हिचे काडतूस ऑस्ट्रियातील मान्लिकर रायफलीच्या ८ मिमी. काडतुसावर आधारलेले असून तीत २४४ ग्रेन (सु. १५·८ ग्रॅ.) वजनाची गोलाग्र गोळी वापरतात. स्वातंत्र्यानंतर ही रायफल प. बंगालमधील ईशापूर येथे होऊ लागली.

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना स्थापन झाला. लहान शस्त्रांची काडतुसे बनविणाऱ्या भारतातील जुन्या कारखान्यांत त्याची गणना होते. सैन्याच्या काडतुसांबरोबरच परवानाधारक नागरिकांसाठीही येथे काडतुसे तयार झाली. १२ बोअरच्या बंदुकीची ‘शक्तिमान’ ही काडतुसे शेतकऱ्यांच्या व बंदूक-विक्रेत्यांच्या परिचयाची आहेत. शस्त्रांच्या संशोधनासाठी १९५८ मध्ये पुण्यातच आयुध संशोधन व विकास संस्था स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याखालील कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले, तेव्हा खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीत समाविष्ट झाला. या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे.

जखमी जनावराचा प्रश्न : गोळीची निवड ही केवळ शिकाऱ्याच्या यशापयशाची बाब नाही. कुमाऊँमधील चंपावतच्या नरभक्षक वाघिणीस जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारले. नेपाळ व कुमाऊँ मिळून तिने ४३६ माणसांचे बळी घेतल्याची नोंद आहे. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले होते. खालचा तर हाडापर्यंत गेला होता. ही इजा जुन्या बंदुकीच्या गोळीची असून त्यामुळे नेहमीचे भक्ष्य मारणे तिला अशक्य झाले, असा कॉर्बेट यांचा निष्कर्ष होता. कोणा अज्ञात माणसाची एक फसलेली गोळी चारशेहून अधिक कुटुंबांना भोवली. जखमी जनावराचा माग काढून त्यास संपविल्याखेरीज शिकाऱ्याने परतू नये, हा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक अशा अनुभवांतूनच आला. त्यांच्या मते गोळीची पहिली कसोटी तिची ऊर्जा नव्हे, तर ती किती वेळा एकाच माऱ्यात काम संपविते, ही होय.

सद्यःस्थिती : भारतात वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर व्यापक निर्बंध घातले व १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद झाली. अधिनियमाच्या कलम ११ अन्वये मानवी जीवितास धोकादायक झालेल्या किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असलेल्या प्राण्यास मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. मात्र पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे अशक्य असल्याची खात्री त्याने आधी करून घ्यावयाची असते. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरातील टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळीने मारली गेली, तेव्हा या तरतुदीवर देशभर वाद झाला. कोल्हापूर संस्थानच्या छत्रपतींचे एकेकाळचे शिकारीचे राखीव रान असलेले राधानगरी-दाजीपूर हे आज गव्यांचे अभयारण्य आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात भरकटून आलेल्या गव्यावर कोणी बंदूक उगारली नाही. तथापि गर्दी, धावाधाव व बेशुद्धीचे औषध यांच्या ताणाने तो मरण पावला. शस्त्र बदलले, तरी प्राण्याच्या जवळ जाणाऱ्याने त्याच्या शरीराविषयी आधी जाणून घेण्याची गरज संपलेली नाही, हे यावरून दिसते.

ज्या देशांत नियंत्रित शिकार चालू आहे, तेथे गोलाग्र गोळी अजून बनते. दोन नळ्यांच्या जुन्या ब्रिटिश रायफलींसाठी तर ती आवश्यकच असते. शिशाचे कण शरीरात विखुरतात व मृत जनावर खाणाऱ्या गिधाडांसारख्या पक्ष्यांना विषबाधा होते, हे स्पष्ट झाल्याने एकसंध तांब्याच्या गोळ्यांकडे कल वाढला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीत शिशाचा दारूगोळा वापरण्यास पूर्ण बंदी केली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब करावी लागते. तथापि मोठ्या प्राण्यांसाठीच्या एकसंध गोळ्यांतही टोक बहुधा बोथट ठेवतात. कारण जाड शरीरात सरळ जाण्याचा गुण धातूपेक्षा टोकाच्या आकारावर अधिक अवलंबून असतो [⟶ बंदूक].